३८४ अर्ज, एकच उत्तर : सोलापुरातल्या एका पाहणीचं प्रकरण

अर्जांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवताना त्या विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते अजून डोळ्यांपुढे आहे. ३८४ भरलेले अर्ज, एकही कोरा नाही. पीएच.डी.चा विषय ‘सोलापूर शहरातील विडी कामगार महिलांचे आर्थिक समावेशन व कार्यसमाधान’, शाखा वाणिज्य व व्यवस्थापन, मार्गदर्शक मी. त्याच आठवड्यात त्याने आकडे संगणकात भरले आणि क्रोनबाख अल्फा, म्हणजे विधानांचा आपसात किती मेळ आहे ते दाखवणारा आकडा, आला ०.९१. अल्फा ०.७च्या वर गेला की प्रश्नावली विश्वासार्ह, असं आपण सगळ्यांना शिकवतो. तो म्हणाला, "मॅडम, आता फक्त लिहायचं राहिलं." मी वरचे वीस-पंचवीस अर्ज चाळायला घेतले आणि हात थांबला. पानामागून पान, चोवीसच्या चोवीस विधानांपुढे एकाच रकान्यात गोल. चौथा रकाना, ‘सहमत’.

मी त्याला रागावले नाही, कारण त्या प्रश्नावलीच्या पहिल्या प्रतीवर मंजुरीची सही माझीच होती. पुढचं दीड वर्ष आम्ही त्या चौथ्या रकान्याचा माग काढला. ते इथे तपशिलात मांडते आहे, कारण असे गठ्ठे मी परीक्षक म्हणून इतर जिल्ह्यांतही पाहिले आहेत.

आधी ज्यांच्याबद्दल ही पाहणी होती त्यांच्याविषयी. सोलापूरच्या पूर्व भागात तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबं पिढ्यानपिढ्या राहतात. पुरुष मागावर, चादर नाहीतर टॉवेल विणतात. घरची बाई विडी वळते. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या बंद पडल्या, यंत्रमागाचं काम कधी असतं कधी नसतं, त्यामुळे अनेक घरांत चूल पेटते ती विडीच्या मजुरीवर. बाई कारखान्यात, म्हणजे कंपनीच्या शाखेत जाते, तेंदूचं पान, तंबाखू आणि दोरा घेऊन येते. रात्री पान भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळते. सकाळी मांडीवर सूप, हातात कात्री. मापाच्या पत्र्यावर पान कापायचं, चिमूटभर तंबाखू, बोटांची एक फिरकी, टोक दाबून दोरा. हजार विड्यांवर मजुरी. दिवसभर बसलं तर सराईत हाताच्या हजारेक होतात. माल परत नेला की तिथला माणूस तपासतो आणि पसंत न पडलेल्या विड्या बाजूला काढतो. त्याला छाट म्हणतात. छाटीचे पैसे मिळत नाहीत.

विडी व सिगार कामगारांचा कायदा १९६६चा. घरी बसून वळणारी बाईही त्या कायद्याने कामगारच ठरवली. कागदावर ती कामगार, पण तिचं कामाचं ठिकाण म्हणजे तिचा उंबरा. आमच्या प्रश्नावलीचा कणा मोडला तो नेमका इथे.

३८४ हा आकडा कुठून आला, ते आधी सांगते. लोकसंख्या मोठी असेल, ९५ टक्के खात्री आणि ५ टक्के चुकीची मुभा हवी असेल, तर १.९६चा वर्ग गुणिले ०.२५, भागिले ०.०५चा वर्ग. उत्तर ३८४. क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या १९७०च्या तक्त्यात हाच आकडा आहे, आणि तिथून तो आपल्याकडच्या किती प्रबंधांत उतरलाय त्याची गणती नाही. पण हे सूत्र एक अट घालतं : नमुना यादृच्छिक हवा, म्हणजे प्रत्येक बाईला निवडलं जाण्याची संधी सारखी हवी. त्यासाठी सगळ्या बायकांची यादी लागते, आणि अशी यादी नसते. कारखान्याच्या नोंदवहीत जेवढी कार्डं तेवढ्या कामगार, असं समजावं तर कार्ड एकीचं आणि हात तिघींचे. सासूच्या नावावर सून वळते, शाळेतून आलेली मुलगी दोरा बांधते.

माझ्या विद्यार्थ्याने सोपा मार्ग काढला. बारा कारखाने निवडले आणि प्रत्येकाच्या दारातून ३२ अर्ज भरून घेतले. बारा गुणिले बत्तीस, बरोबर ३८४. आता एकाच कारखान्यात जाणाऱ्या बायकांचं पान तेच, तपासणारा तोच, मजुरीचा वार तोच. त्यांची उत्तरं एकमेकींसारखी येणार. हे साम्य शून्य ते एकच्या मापावर थोडंसंच, ०.१ इतकं धरलं, तरी नमुन्याचा फुगवटा, म्हणजे सुट्ट्या निवडलेल्या नमुन्याच्या किती पट अर्ज लागतील तो आकडा, १ अधिक ३१ (बत्तीसमधून एक वजा) गुणिले ०.१, म्हणजे ४.१ होतो. ३८४ला ४.१ने भागा : ९४. म्हणजे हातात गठ्ठा ३८४चा असला तरी माहिती सुमारे ९४ सुट्ट्या अर्जांइतकीच. हे गणित मला येत नव्हतं असं नाही. मी ते विचारलं नाही.

आता त्या दारातलं दृश्य. अर्ज भरायला त्याने तीन मुलं ठेवली होती, अर्जामागे पैसे ठरवून. सकाळची रांग, डोक्यावर माल, घरी चूल. खिडकीशी कारखान्याचा बाबू उभा, कारण परवानगी त्यानेच दिली होती. अशा जागी मुलगा मोठ्याने वाचतो : "कामाच्या ठिकाणी मला आदराने वागवले जाते. पूर्ण असहमत, असहमत, तटस्थ, सहमत, पूर्ण सहमत?" ज्याच्या हातात तिची छाट आहे तो चार पावलांवर असताना ती काय म्हणेल? ती म्हणते, "बरंय, बरंय." मुलगा चौथ्या रकान्यात गोल करतो. दोन-तीन विधानांनंतर तो विचारायचंही थांबतो, आणि मला त्याचा दोष फारसा वाटत नाही. अर्जामागे पैसे ठरवले की अर्ज मिळतात, उत्तरं मिळतीलच असं नाही.

मग ०.९१ कसा आला? अल्फा एवढंच सांगतो की विधानं एकमेकांशी किती सुसंगत आहेत. खरी आहेत का, हे तो सांगत नाही. शिवाय विधानं वाढवली की तो वाढतो. विधानांमधला सरासरी संबंध अवघा ०.३ असेल तर सहा विधानांचा अल्फा ०.७२ येतो आणि चोवीसचा ०.९१. त्यात आमची चोवीसही विधानं एकाच दिशेची, सगळी गोड. एकही उलटं विधान नाही, म्हणजे ‘मला इथे ऐकून घेतलं जात नाही’ यासारखं. सगळ्याला हो म्हणणारी बाई आणि सगळ्याला हो भरणारा मुलगा, दोघंही अल्फाला फार सुसंगत वाटतात. आम्ही ज्याला विश्वासार्हता समजलो तो घाईचा आणि भीतीचा मोजलेला आकडा होता.

यानंतर आम्ही प्रश्नावली उचलून थेट घरी गेलो. सोबत समाजशास्त्राची एम.ए.ची एक विद्यार्थिनी घेतली. तिची आई विडी वळते, घरात तेलुगू, बाहेर मराठी, थोडी कानडी. माझा विद्यार्थी मंगळवेढ्याकडचा, त्याला तेलुगूचा गंध नाही, मलाही नाही. अशोक चौकाच्या मागच्या बोळात एका अक्कांच्या दारात बसलो. साठीच्या पुढच्या असाव्यात. सूप मांडीवरच राहू द्या, असं आम्ही आधीच सांगितलं. तासभर गप्प बसवलं तर तिच्या शंभर विड्या जातात, आणि तेवढी किंमत देण्याची आमची तयारी नसेल तर निदान हात तरी चालू राहावेत.

पहिलं विधान वाचलं, कामाच्या ठिकाणाचं. अक्का म्हणाल्या, "कारखान्यात मी माल द्यायला जाते. काम इथं." दुसरं, ‘मी माझ्या वरिष्ठांशी मोकळेपणाने बोलू शकते.’ अक्कांनी त्या मुलीकडे पाहून तेलुगूत काही विचारलं. ती आम्हाला म्हणाली, "वरिष्ठ म्हणजे अत्तम्मा का, असं विचारतायत. सासू." तिसऱ्या विधानाला मात्र ती मुलगी स्वतःच थांबली. ‘मला माझ्या कामात समाधान मिळते.’ "मॅडम," ती म्हणाली, "तेलुगूत समाधानम् म्हणजे उत्तर. प्रश्नाचं उत्तर. जुन्या बायकांना हे वाक्य तसंच ऐकू येतं. तुम्हाला जे म्हणायचंय त्याला आम्ही तृप्ती म्हणतो."

प्रबंधाच्या मुखपृष्ठावरचा शब्दच ज्यांच्याबद्दल प्रबंध आहे त्यांच्या कानात वेगळा पडत होता. मराठीतून तेलुगूत भाषांतर करून घ्या आणि दुसऱ्याकडून ते परत मराठीत आणून ताडून पाहा, ही साधी रीत पद्धतिशास्त्राच्या पहिल्या सत्रात शिकवतो आपण. आमची प्रश्नावली इंग्रजीतून मराठीत एकदाच आली होती, आणि मूळ प्रश्न लिहिले गेले होते कार्यालयात साहेबाच्या हाताखाली बसून काम करणाऱ्या माणसांसाठी. हे शहर सामाजिक पाहणीला नवखं नाही. १९३० साली पुण्यात निघालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळांच्या काळात सोलापूरची सामाजिक-आर्थिक पाहणी केली होती. असा वारसा जवळ असताना आम्ही मोजपट्टी परमुलखातून मागवली, याची मला मनापासून खंत आहे.

उत्पन्नाच्या प्रश्नाची गोष्ट आणखी खोल आहे. अर्जात होतं : ‘कुटुंबाचे दरमहा उत्पन्न’. जवळजवळ सगळ्यांनी फार कमी आकडे सांगितले होते. विद्यार्थ्याने ते गरिबीचा पुरावा म्हणून मांडले. पण पूर्व भागात उत्पन्न विचारणारा कागद म्हणजे काय, हे सोलापूरकराला सांगायला नको. विडी कामगारांची घरकुलं, कुंभारीकडच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतली १०,००० घरं, रे नगरची ३०,००० घरं, ज्यातल्या १५,००० घरांचा ताबा जानेवारी २०२४मध्ये दिला गेला. कामगारांच्या चळवळीने मिळवलेली ही फार मोठी गोष्ट आहे. तिचा एक परिणाम असा की हातात अर्ज घेऊन आलेला माणूस घरकुलाचाच असणार, असं बायका धरून चालतात. पंतप्रधान आवासच्या दुर्बल गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख. सूक्ष्मवित्ताचं कर्ज देणारा माणूसही असाच कागद घेऊन येतो, आणि रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या नियमांप्रमाणे त्या कर्जासाठीही घराचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत लागतं. शिवाय सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त नकोत. म्हणजे घराच्या कागदावर आकडा खाली, कर्जाच्या कागदावर हप्ता बसेल इतका वर. आमचा कागद कोणता, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मग तिने स्वतःच ठरवलं. याला खोटं बोलणं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालायला तयार आहे.

त्यात ‘दरमहा’. मजुरी, भिशी, हप्ता, किराणा, सगळं आठवड्याच्या हिशेबाने चालणाऱ्या घराला महिन्याचा आकडा विचारायचा म्हणजे तिने तिथल्या तिथे गुणाकार करायचा. किती दिवसांचं आठवायला सांगता यावर उत्तर किती बदलतं, हे देशाने मोठ्या प्रमाणावर अनुभवलं आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९९९-२०००च्या ५५व्या फेरीत अन्नखर्चासाठी ७ दिवस आणि ३० दिवस असे दोन्ही कालावधी एकाच अर्जात विचारले गेले, आणि त्यातून निघालेले गरिबीचे आकडे मागच्या फेरीशी ताडून बघता येईनात. अर्थतज्ज्ञांचा त्यावरचा वाद वर्षानुवर्षं चालला. एका प्रश्नातल्या दिवसांच्या संख्येने एवढं होतं.

दुसऱ्या फेरीत आम्ही अर्ज बाजूला ठेवले आणि वह्या घेतल्या. अठरा घरं, आठ आठवडे, आषाढ ते श्रावण. दर आठवड्याला मजुरीच्या दुसऱ्या दिवशी ती मुलगी जायची. संमतीपत्रावरची सही काढून टाकली. अंगठा मागितला की कर्जाचा कागद वाटतो. तोंडी सांगायचं, शेजारणीसमोर : हे घरकुलाचं नाही, कर्जाचं नाही, कॉलेजचं आहे, यातून तुम्हाला काही मिळणार नाही, नको वाटलं तर आज, पुढच्या आठवड्यात, कधीही थांबवा. दोघींनी पहिल्याच दिवशी नको म्हटलं. मला त्या दोन नकारांचं मोल वाटतं. ३८४ जणींत एकही नकार नव्हता, आणि तेव्हा ते आम्हाला खटकलं नव्हतं. त्या दोघींच्या जागी दुसरी दोन घरं घेतली. वहीवर नाव नाही, नुसता क्रमांक. कारखान्याला वह्यांचा पत्ता नाही.

वहीचे रकाने आम्ही ठरवले नाहीत, पहिल्या दोन आठवड्यांच्या बोलण्यातून ते आपोआप पडले. पान किती मिळालं, तंबाखू किती, विड्या किती दिल्या, छाट किती गेली, अंगावरचं पान किती घेतलं, हातात किती आले. ‘अंगावरचं पान’ हा रकाना आमच्या कोणाच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. हजार विड्यांसाठी वजन करून जेवढं पान देतात त्यात हजार बसतीलच असं नाही. पान फाटकं, डागाळलेलं, पावसात लिबलिबीत झालेलं असलं की कमी पडतं, आणि विड्या तर हजारच द्यायच्या. मग ती स्वतःच्या पैशाने बाजारातून पान आणते. मजुरीचा दर सगळ्यांना सारखा, पण हातात येणारे पैसे दर आठवड्याला वेगळे, ते या रकान्यामुळे. नऊ नंबरच्या वहीत आषाढातल्या एका आठवड्यात दोनदा पान विकत घेतल्याची नोंद आहे, आणि पुढे ‘लेदु’ असा एकच तेलुगू शब्द. नाही. त्या मुलीने विचारलं होतं, या आठवड्यात भाजी काय केली?

बोलताना हात चालू ठेवण्याचा आणखी एक फायदा झाला, जो कुठल्या पुस्तकात मी वाचला नव्हता. साध्या प्रश्नाला बोटांची लय बदलत नाही. खरा प्रश्न आला की विडी अर्ध्यात थांबते. बँकेत खातं आहे का, या प्रश्नाला बोटं थांबत नाहीत. खातं सगळ्यांचं आहे, २०१४च्या जनधननंतर नसणारी सापडणं कठीण. "पासबुक कुणाजवळ असतं?" इथे थांबतात. कुणाचं मुलाकडे, कुणाचं दिराकडे, एकीचं ज्या दुकानात किराण्याची उधारी आहे तिथे. आमच्या जुन्या अर्जात ही सगळी घरं ‘आर्थिकदृष्ट्या समाविष्ट’ होती. आणि ज्या भिशीला आम्ही ‘अनौपचारिक’ म्हणून खालच्या रांगेत टाकलं होतं, तिच्याबद्दल एक ताई म्हणाल्या, "भिशीतले पैसे घरात कुणाला दिसत नाहीत. म्हणून राहतात."

सहमत-असहमतच्या पायऱ्यांऐवजी दहा चिंचोके वापरले. समोर ठेवायचे आणि विचारायचं : आठवड्याच्या पैशातले हप्त्याला किती, किराण्याला किती, भिशीला किती, स्वतःच्या हातात किती? चिंचोके हलवताना बाई विचार करते, परत घेते, शेजारणीला विचारते. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, माहेरवाशिणी येतात. त्या आठवड्यात जवळजवळ प्रत्येक वहीत कुणाकडून तरी घेतलेले पैसे दिसतात आणि हप्त्याचे चिंचोके शेजारणीच्या ढिगातून आलेले असतात. गटकर्जाच्या बैठकीचा वार आणि मजुरीचा वार वेगळा, मधले दोन-तीन दिवस बायका एकमेकींवर काढतात. हे देणं-घेणं कुठल्याच पाहणीत कर्ज म्हणून नोंदलं जात नाही, कारण त्याला व्याज नाही आणि कागद नाही.

प्रगती अहवालाच्या बैठकीत पहिला प्रश्न अपेक्षितच होता : अठरा घरांवरून सोलापूरबद्दल काय सांगता येईल? माझ्या विद्यार्थ्याने शांतपणे उत्तर दिलं की किती जणींचं असं होतं ते सांगता येणार नाही, कसं होतं ते सांगता येईल. आणि किती ते मोजायचं तर काय मोजायचं हे आता कळलं आहे. समितीतल्या एका ज्येष्ठांना ते पटलं नाही. ३८४ अर्ज हाताशी असताना ते का सोडता, असं ते विचारत राहिले. त्यांचं म्हणणं मी समजू शकते. शिष्यवृत्तीची मुदत, सहामाही अहवाल, सगळं आकड्यावर चालतं. तरी मी माझी मंजुरी मागे घेतली, तसं लिहून दिलं, आणि त्याला मुदतवाढ मागायला लावली.

जुने अर्ज फेकले नाहीत. त्यातले दोन रकाने आम्ही ठेवले : किती वर्षं विडी वळता आणि कारखाना घरापासून किती लांब. बाबूसमोर उभं राहूनही या दोन प्रश्नांची उत्तरं बदलण्याचं तिला काही कारण नव्हतं. बाकीचे रकाने प्रबंधाच्या एका प्रकरणात आहेत, काय करू नये याचा पुरावा म्हणून, आमच्या दोघांच्या नावानिशी.

आता तिसरी फेरी चालू आहे. वसाहतीतल्या गल्ल्या चिठ्ठ्या टाकून निवडल्या, गल्लीतलं दर सातवं घर, विचारणाऱ्या चौघी तेलुगू बोलणाऱ्या, मोबदला अर्जावर नाही तर दिवसावर. अर्ज दीड पानाचा, मराठी आणि तेलुगू दोन्हीत. ‘समाधान’ हा शब्द त्यात नाही. पहिला प्रश्न बोळातल्या त्या अक्कांनी दिलेला आहे : या आठवड्यात अंगावरचं पान किती घेतलं? परवा मी सोबत गेले होते. प्रश्न ऐकला, विडी अर्ध्यात थांबली, आणि बाईने आत हाक मारून सुनेला गेल्या आठवड्याची पानाची चिठ्ठी आणायला सांगितली.